मेंबरबाई अन चारचं विमान

विमानतळाच्या बाजूले राहत होतो म्हटलं की लोक सरसावून बसतात. आता हा विमानात बसल्याची गोष्ट सांगते! नाई सांगत, बाप्पा. मी विमानात आजवर पाय ठेवला नाई. अन पुढाऱ्याची गोष्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढं जीप, हार, टोपी, 'भाइयों और बहनों' असं सारं येऊन राहिलं असन. तेही नाई. ह्या गोष्टीत जीप एकच हाये अन ते दुसऱ्याची हाये. वरून मी नकल्या माणूस, म्हणजे हसवूनच सोडन, असंही वाटत असन. ते थोडंसं जमन. पण ही गोष्ट मी दर वेळी हसवत सुरू करतो, अन मधात कुठीतरी माहाच आवाज बसते.

मी उमरेडचा. मॅट्रिक तिथंच झालो. हेडमास्तराचा खोकला मी इतका हुबेहूब काढो की मागच्या बाकावरून खोकललो तर पुढचे पोट्टे उभे राहत. पास झालो तर सारे मास्तर खूश झाले, गेला एकदाचा म्हणून. मंग नागपूरले मामाकडं आलो, नोकरी शोधाले. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. नोकरी सापडेना, म्हणून मामाच्या मागावर हात देत होतो अन उरलेल्या वेळात लोकाईचे आवाज काढत होतो.

मामाचं घर विमानतळाच्या कुंपणाले लागून. तिकडं धावपट्टी, इकडं आमची घराईची लांब ओळ, मधात बोरी-बाभळी. पुष्कळ घरं आमच्यासारख्या कोष्ट्याईची, बाकीची मिलमध्ये जाणाऱ्याईची. मामाचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. मामा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडे, खाली पायानं पावड्या दाबे, वर सुताचा धोटा इकडून तिकडं फेके. असा माग उचलून नेता येत नाई. लाकडं नेता येतात, खड्डा नेता येत नाई. तो खड्डा आजोबानं खणला होता, अन मामाच्या बसण्यानं त्याचा काठ गुळगुळीत झाला होता.

ह्या वस्तीची एक रीत होती, तशी मी दुसरीकडं कुठी पाहिली नाई. विमान डोक्यावर आलं की बोलणं जिथं असन तिथं थांबे. शब्दाच्या मधातही. विमान गेलं की तिथूनच पुढं सुरू. मामी मले बोलून राहिली असन, "मेल्या, तुले किती वेळा सांग—" की विमान येई. मामीचं तोंड उघडं, बोट वर, हात कमरेवर. विमान जाई. "—तलं, लोटा उपडा ठेवत जाय!" पयल्या दिवशी मले वाटलं माझी सुटका झाली. कायची सुटका! पुढचा अर्धा शब्द माह्यासाठी राखून ठेवला होता तिनं.

अन घड्याळ म्हणाल तर वस्तीत चारचं विमान हेच घड्याळ. ते गेलं की शाळेचा चपराशी सुट्टीची घंटा वाजवे, गुराखी गाई घराकडं वळवे, मामी रातच्या भाताले आधण ठेवे अन दुसऱ्या पाळीवाले आपला डबा उचलत. विमानाले उशीर झाला की आख्ख्या वस्तीले उशीर होई, अन त्यात कोणाले काही वावगं वाटत नसे.

आता मेंबरबाई. महापालिकेवर निवडून गेलेल्या माणसाले आमच्याकडं मेंबर म्हणत, म्हणून ते मेंबरबाई. पांढरं पातळ, काखेत कापडी पिशवी, पायात टाचेकडून झिजलेली चप्पल. छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षेले गेली होती, शाळकरी पोरगी होती तवा. त्या दिवशी जे पांढरं नेसली ते तिनं सोडलं नाई, असं लोक म्हणत. तिचं घर आमच्या ओळीत नव्हतं, पार नाल्याच्या पलीकडं होतं. हे ध्यानात ठेवा.

सकाळी बाई निंबाखाली येऊन बसे. लोक येत, जयभीम, रामराम, अन गाऱ्हाणं सुरू. बाई दोनच शब्द बोले, "हं, मंग?" तेवढ्यावर माणूस पुढचं आपसूक सांगे. सारं ऐकून झालं की म्हणे, "चाल." म्हणजे काय, तर त्या माणसाले घेऊन सिटी बसनं सरळ हापिसात. अन तिथं गेल्यावर बाई बोलत नसे. "तू बोल. मी बाजूले उभी हाये."

एकदा नळ कोरडे पडले होते तवा आमच्या शेजारणीले अशीच घेऊन गेली. ते बिचारी घरात सासऱ्यासमोर बोलत नव्हती, त इंजिनेराच्या टेबलासमोर काय बोलन? पदराचं टोक पिळत उभी. इंजिनेर म्हणे, "बोलो भई, क्या है?" ते गप. मी असतो त पाच आवाजात बोललो असतो. बाई हलली नाई. भिंतीवरच्या पंख्याकडं पाहत उभी राहिली. इतका वेळ गेला की इंजिनेरच चुळबुळाले लागला. शेवटी शेजारीण म्हणाली, "साहेब, मी चार दिवसापासून पोराले आंघोळ नाई घातली. त्याले तुमच्या मांडीवर देऊ का?" दुसऱ्या दिवशी नळाले पाणी आलं. पण पाण्याचं सोडा. ते शेजारीण परत आली ते दुसरीच बाई होऊन आली. सासराच तिच्यासमोर हळू बोलाले लागला.

हे सारं पाहून मी काय केलं असन? नक्कल. चहाच्या टपरीवर पिशवी काखेत मारून, मान जरा वाकडी करून, "हं, मंग?" लोक हसून हसून लोळून राहिले, अन एकदम गप झाले. मले वाटलं विमान आलं. विमान नव्हतं. बाई मागं उभी होती.

"काहून गा," ते म्हणाली, "माहा आवाज इतका बारीक हाये का?"

"नाई... म्हणजे..."

"मंग बरोबर काढ. पुन्हा."

काढला. पुन्हा पिशवी काखेत मारून काढला.

"हां, आता जमलं. उद्या सकाळी काय करून राहिला?"

"काही नाई."

"ते दिसूनच राहिलं. माह्यासंग चाल."

कारण तसं होतं. धावपट्टी लांब करणार, मोठी विमानं येणार, अन त्यासाठी आमची ओळ उठवणार, अशी बातमी आली होती. बाईचं घर त्यात जात नव्हतं. बदल्यात जागा देणार होते हुडकेश्वरकडं. आता तिकडं बंगले झाले म्हणतात, तवा शेतं अन काटे होते. मामानं बातमी ऐकली अन त्या दिवशी धोटा हातात धरून नुसता बसला. मामी म्हणाली, "'जेव बाबू' म्हणाले सासूबाई नाई आता, मीच म्हणतो, जेवा." मामा म्हणाला, "तिथं खडक हाये. खड्डा लागणार नाई." बस, एवढंच बोलला. दुसरा धंदा त्याले येत नव्हता अन शिकाचं वय गेलं होतं.

बाई रोज हापिसात जाई. रोज वस्तीतलं एक माणूस बोलाले, अन मी. माहं काम काय? ऐकाचं. संध्याकाळी निंबाखाली सारे जमत, अन बाई म्हणे, "साहेब काय म्हणाले ते साहेबाच्याच आवाजात सांग." मी सांगे. धाकटा साहेब तपकीर ओढून बोले, मोठा साहेब दर वाक्याले 'देखिए' म्हणे. "देखिए, उधर तो खाली ज़मीन है." लोक हसत, पण त्याईले समजे. कोण टाळून राहिला, कोण अडला, कोणाचं मन हाये, हे आवाजातच कळे. म्हातारे म्हणत, "धाकटा नरमला रे, आज तपकीर कमी ओढली त्यानं."

एक दिवस मले चेव आला. मोठ्या साहेबाच्या तोंडात मी 'ये झोपडीवाले' असं घातलं. लोक खवळले, एकानं त दगडच उचलला. बाईनं हात वर केला.

"हे साहेब म्हणाला?"

"म्हणाला नाई बाई, पण मनात तसंच होतं."

"त्याच्या मनात काय हाये ते तुले त्यानं सांगतलं का? तो म्हणाला तेवढंच काढ. तोंड त्याचं हाये."

अन दगडवाल्याले म्हणाली, "ठेव तो. चूल कर त्याची."

बाईचं म्हणणं एकच होतं अन ते लोकच साहेबाईले सांगत. विमानं येऊ द्या, त्याले कोण अडवते? धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाले सारं माळरान पडलं हाये, तिकडं वाढवा. साहेब म्हणत, उधर नाला है, पुल बाँधना पड़ेगा. अन वरून म्हणत, ह्या आवाजात माणसं राहूच शकत नाई, उठवतो ते तुमच्याच भल्यासाठी.

ऐकून ऐकून बाई एक दिवस पयल्यांदाच स्वतः बोलली. "साहेब, एकदा येऊन बसा आमच्यात. चारच्या विमानाले. आम्ही कसे राहतो ते पाहा. बस, एवढंच मांगतो आम्ही."

अन खरंच, मुंबईहून एक मोठा साहेब पाहणीले आला तवा त्याले घेऊन जीप वस्तीत आली. श्रावण होता, आभाळ भरलेलं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, आत वर्ग चालू, पटांगणात सारी वस्ती. लाउडस्पीकरचा भोंगा शाळेच्या छपरावर बांधला होता, अन त्याचा माईक सांभाळाचं काम कोणाकडं? माह्याकडं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात, पडद्यामागं.

लोक बोलले. शेजारीण अशी बोलली की साहेबानं चष्मा काढून पुसला. मामा उठला, "माहा माग..." म्हणाला अन बसला. साहेब चांगला होता, पण घाईत होता. साडेतीन झाले, चाराले वेळ होता. विमान नाई. सारे आभाळाकडं पाहून राहिले. साहेबानं घड्याळ पाहिलं. आणखी थोडा वेळ गेला. "देखिए," साहेब म्हणाला (हाही देखिएवाला निघाला), "मेरी मीटिंग है. आप लोगों की बात मैंने सुन ली." अन उठला.

मामीनं माह्याकडं पाहिलं नव्हतं, मामानंही नाई. कोणीच सांगतलं नव्हतं. पण मामाची मान खाली गेली होती, अन माह्या हातात माईक होता.

मी विमान काढलं.

पयले पोटातून, बारीक, दूरवरून आल्यासारखं. मंग गळ्यात आणलं, मंग ओठ माईकले टेकवून सोडलं. महिनोन्महिने ऐकलेलं विमान ते! भोंगा थरथरला. अन पटांगणात वस्तीनं आपली रीत पाळली. एक म्हातारी बाजूवालीले काहीतरी सांगून राहिली होती, तिचं तोंड उघडं राहिलं. बायाईनं लेकराईच्या कानावर हात ठेवले. पुढं आलेला एक जण पाय उचललेलाच थांबला. आख्खं पटांगण दगड झालं. मी हळूहळू विमान लांब नेलं, नाल्यापलीकडं सोडलं. अन सारे जिथं थांबले होते तिथून पुढं बोलाले लागले. म्हातारी म्हणाली, "—जराभर मीठ जास्त पडलं होतं."

साहेब हलला नाई. वर ढग पाहिले, खाली लोक पाहिले. "ये... ये तो..." असं म्हणून खुर्चीत बसलाच. संगच्या माणसाले म्हणाला, "ये मैंने अपनी आँख से देखा. ये मैं बोलूँगा ऊपर."

जिंकलो! त्यात शाळेची घंटा घणघणली, पोट्टे भडाभडा बाहेर पडले, तिकडून गाई परत येऊन राहिल्या, दुसऱ्या पाळीवाले डबे घेऊन निघाले. विमान गेलं ना, मंग!

अन तेवढ्यात मेंबरबाई उभी राहिली.

"साहेब, बसा. हे विमान नव्हतं."

पडदा तिनंच सरकवला. मी माईक धरून उभा, ओठ अजून गोल.

काय सांगू तुम्हाले. इतकी शांतता मी त्या वस्तीत विमान नसताना कधी ऐकली नाई. साहेबाचा चेहरा लाल झाला. "मतलब मज़ाक था?"

"मजाकच होता. ह्या पोट्ट्याचा होता, माहा नाई. पण माह्या सभेत झाला, म्हणून माहाही. खरं विमान अजून याचं हाये. तुम्ही बसा."

"और नहीं आया तो?"

"नाई आलं त आम्ही आज तुम्हाले दाखवू शकलो नाई. खोटं दाखवलं, असं त होणार नाई."

साहेब 'बोलूँगा' म्हणाला होता. आपल्या तोंडानं म्हणाला होता! ओळ वाचली होती, मामाचा खड्डा वाचला होता, अन ह्या बाईनं तो वाचलेला खड्डा उचलून पुन्हा साहेबाच्या हातात दिला. लोकाईचे डोळे तिच्यावर होते, काहींचे रागानं. अन ते तशीच उभी, पिशवी काखेत, मान जरा वाकडी. मी तिची नक्कल इतक्यांदा केली होती, पण ते उभं राहणं मले आजवर काढता आलं नाई.

साहेब खुर्चीत नीट टेकून बसला. मंग म्हणाला, "चाय मिलेगी?"

चहा आला. साहेब मामाले म्हणाला, "आप कुछ बोल रहे थे. लूम." मामा त्याले घरी घेऊन गेला, मागून आम्ही. मामानं मागाचा काठ पुसला. साहेबानं बूट काढले अन, खरं सांगतो, खड्ड्यात पाय सोडून मामाच्या जागेवर बसला. मामा जमिनीवर उकिडवा बसून समजावून राहिला, आज पयल्यांदाच घडाघडा. "हे पावडी, साहेब. हे दाबली की अर्धे धागे वर जातात, अन मंग धो—"

विमान आलं.

खरं विमान. मी आवाज काढला होता, पण जमीन मले हलवता आली नव्हती. छपराचे कवेलू खडखडले, वरून माती झरझर ताण्यावर पडली, ताणलेले धागे सतारीसारखे थरथरले. अन खड्ड्याच्या बुडातून तो गडगडाट साहेबाच्या तळपायात चढला. त्याच्या चेहऱ्यावर दिसला मले. त्यानं पाय वर घेतले, मंग हळूच पुन्हा खाली टेकवले, जसं कोणी छातीवर हात ठेवून पाहते. मामा बोट वर करून थांबलेला. मीही तोंड उघडं टाकून उभा, अन मनात एकच, मी काय काढलं होतं बाप्पा, अन हे काय हाये!

विमान गेलं.

"—टा इकडून तिकडं जाते," मामा म्हणाला, अन पदरानं झाडावी तशी हातानं ताण्यावरची माती झाडाले लागला. रोजची सवय. साहेबही वाकून झाडू लागला.

दूर चपराश्यानं पुन्हा घंटा वाजवली. शाळेत कोणी नव्हतं.

साहेबानं तिथं काहीच कबूल केलं नाई. जीपमध्ये बसताना बाईले हात जोडले, एवढंच. पण पावसाळा संपून थंडी लागली तवा दुसऱ्या टोकाले नाल्यावर पुलाचं काम सुरू झालं, अन आमची ओळ राहिली. विमानं कमी झाली नाई, मोठीच आली. मामी मंग एका विमानात पूर्ण एक शिवी राखून ठेवाले लागली. मामा शेवटपर्यंत त्याच खड्ड्यात पाय सोडून बसला.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी जीप दिसेनाशी झाली, अन बाई माह्याकडं वळली. सारी वस्ती उभी होती.

"काहून गा, तुले आवाज काढता येते म्हणून काहीबी काढशीन? हे पोट्टे-बाया महिनाभर हापिसात जाऊन खरं बोलले. ह्या शेजारणीनं जीव गोळा करून तोंड उघडलं. ते सारं तू एका फुर्रर्रमध्ये उडवून राहिला होता! उद्या तो साहेब ऊपर जाऊन बोलला असता, अन परवा कोणी सांगतलं असतं की विमान नव्हतंच. मंग ह्या वस्तीतलं कोणी खरं बोललं तरी तो पयले पडद्यामागं पाहीन, समजलं?"

"पण बाई, तो जाऊन राहिला होता..."

"जाऊ द्याचा होता! पुन्हा आणला असता. मी मेली होती का?"

मले वाटलं संपलं. त दुसऱ्या पाळीवाल्याईच्या बायका पुढं आल्या, त्याईचे नवरे वेळेआधीच जाऊन मिलच्या बंद फाटकासमोर ताटकळले होते. गुराखी म्हणाला, गाई अर्धपोटी परत आल्या, आता तूच चार. चपराशी म्हणाला, हेडमास्तर मले विचारून राहिले, दोनदा सुट्टी कायची. बाई म्हणाली, "ऐक एकेकाचं. मी बाजूले उभी हाये."

अन उभी राहिली, शेवटचा माणूस बोलेपर्यंत.

घरी आलो त मामी चुलीजवळ. तुह्या विमानावर आधण ठेवलं म्हणे, अन मंग साहेबामागं धावली, अन भाताची झाली लापशी. तिनं ते माह्या ताटात वाढली, थपकन.

"खाय. अन खाताना तोंडानं आवाज काढशीन त सांग—"

वरून विमान आलं. मामीचं बोट वर. मी थांबलो. मामा थांबला. विमान गेलं.

"—तो तुले!"